घरच्या सिम्युलेटरवर एअरबस हाताने उतरवताना फ्लेअर कसा साधायचा?

निळी टोपी (धागाकर्ता) · शुक्रवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी,

इथे विमानवेडे बरेच आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारतो. माझ्याकडे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० आहे, त्यात फ्लायबायवायरचं फुकट मिळणारं ए३२० टाकलंय. साधा जॉयस्टिक, त्यालाच खाली थ्रॉटलची छोटी पट्टी. पेडल वगैरे काही नाही. दिल्ली–पुणे हा नेहमीचा मार्ग. इंजिन सुरू करणं, टॅक्सी, टेकऑफ, एमसीडीयूत (विमानाच्या कॉम्प्युटरच्या कीपॅडवर) मार्ग भरणं हे सगळं व्हिडिओ बघून जमलं. एकदा ३६,००० फुटांवर पोचलो की निवांत चहा करून आणतो.

अडतं ते लोहगावला. शेवटच्या पन्नास फुटांतला फ्लेअर (टेकण्याआधी नाक जरा उचलून उतरणं मंद करणं) हाताला सापडत नाही. स्टिक उशिरा ओढली की दणका बसतो, लवकर ओढली की विमान तरंगत राहतं आणि अर्धी धावपट्टी मागे जाते. फ्लेअर नेमका किती फुटांवर सुरू करायचा, किती ओढायचं, थ्रॉटल कधी मागे घ्यायचा? कुणी पक्का फॉर्म्युला सांगेल का? ऑटोलँड नको, हाताने उतरवायचंय.

टवाळ · रात्री १०.५०

धावपट्टी संपली तर काळजी नको, पुढे विमाननगरात मॉलचं पार्किंग मोठं आहे. हलके घ्या.

बोरघाट · रात्री ११.०५

टोपीराव, फ्लेअरकडे नंतर येऊ. आधी तीन आकडे द्या. धावपट्टीपासून १० नॉटिकल मैलांवर उंची आणि वेग किती होता? जमिनीपासून १,००० फुटांवर वेग किती, आणि तेव्हा इंजिन आयडलवर (कमीत कमी जोरावर) होतं का? धावपट्टीचं टोक ओलांडताना वेग किती? आठवत नसेल तर पुढच्या वेळी बघून लिहा.

जुना खेळाडू · रात्री ११.२०

माझं मत थेट आहे. एअरबस बाजूला ठेवा आणि सेस्ना १७२ घ्या. आम्ही फ्लाइट सिम्युलेटर ९८ वर सुरुवात केली तेव्हा शिकागोचं मेग्ज फील्ड हे घरचं मैदान होतं. तळ्याकाठची एक धावपट्टी, ना मार्ग ना कॉम्प्युटर. तिथे सर्किट मारून मारून नजर तयार झाली. (मेग्ज २००३ मध्ये रातोरात उखडलं, ते दुःख वेगळं.) हल्लीची पोरं थेट ए३२० मध्ये बसतात, चाळीस बटणं पाठ करतात आणि नाक कुठे आहे ते कळत नाही. रागावू नका.

निळी टोपी · शनिवार, सकाळी ९.१५

@बोरघाट, रात्रीच परत उडवून बघितलं. १० मैलांवर ६,५०० फूट, वेग २४० नॉट. १,००० फुटांवर १७५, फ्लॅप ३ वर होते, फुल व्हायचे होते, इंजिन आयडल. टोकावर १५८. एमसीडीयू अप्रोचचा (उतरण्याच्या शेवटच्या टप्प्याचा) वेग १३६ दाखवत होता.

@जुना खेळाडू, सेस्ना केलीय थोडी. मजा येत नाही हो.

बोरघाट · शनिवार, सकाळी १०.०२

झालं, रोग सापडला. तुम्ही फ्लेअर चुकवत नाही आहात, त्याला वावच ठेवत नाही आहात. १३६ च्या जागी १५८ ने आलात तर पंख अजून भरपूर उचल देत असतो. जरा ओढलं की विमान खाली बसायला नकार देतं. न ओढावं तर आदळणार. या वेगाला बरोबर असा फ्लेअर नाहीच.

आता मागे चला. ३ अंशांच्या उतारावर दर नॉटिकल मैलाला साधारण ३२० फूट उंची जाते. १० मैलांवर धावपट्टीच्या वर सुमारे ३,२०० फूट हवेत. पण लोहगाव समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर आहे, म्हणजे उंचीमापकावर ५,१५० च्या आसपास दिसायला हवं. तुम्ही ६,५०० वर होता. म्हणजे साडेतेराशे फूट वर, शिवाय वेग २४०, जिथे १८०–१९० शोभला असता. पुण्याला नवीन माणूस हमखास इथे फसतो, कारण मुंबईचे आकडे डोक्यात असतात आणि तिथे धावपट्टी जवळजवळ समुद्राच्या पातळीलाच आहे.

विमानाकडे दोन प्रकारची शिल्लक असते, उंची आणि वेग. आयडलवर नाक खाली केलं की उंची कमी होते, पण वेग वाढतो. नाक वर केलं की वेग उतरतो, पण उंची तशीच राहते. दोन्ही एकदम उतरवायचे तर हवेचा अडथळा हवा, म्हणजे स्पीडब्रेक (पंखांवर उभ्या राहणाऱ्या फळ्या), गिअर (विमानाची चाकं), फ्लॅप (पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या). खंडाळ्याचा घाट उतरणारा एसटी ड्रायव्हर वरच गिअर खाली घेतो, खोपोलीला पोचल्यावर ब्रेकवर उभा राहत नाही. तुम्ही खोपोलीला उभे राहताय.

म्हणून हिशोब वरूनच. जेवढे हजार फूट उतरायचे, त्याला तीनने गुणा. ३६,००० मधून पुण्याचे २,००० वजा केले की ३४. ३४ त्रिक १०२. वेग उतरवायला आणखी दहाएक मैल. म्हणजे पुण्याच्या साधारण ११० मैल आधी खाली निघायचं. पाठीवर वारा असेल तर थोडं आणखी आधी.

टवाळ · सकाळी १०.१०

एसटीत निदान पुढे ‘ब्रेक फेल’ लिहिलेला दगडांचा उतार तरी असतो.

सोलापुरी चादर · सकाळी १०.३१

बोरघाट, पाढे कशाला? एवढं महागडं कॉम्प्युटर विमानात बसवलंय ते काय शोभेला? टॉप ऑफ डिसेंट, म्हणजे खाली निघायची जागा, नकाशावर बाण काढून दाखवतं. तिथे नॉब दाबायचा, मॅनेज्ड डिसेंट (कॉम्प्युटरच उतरवतो), संपलं. मी कधी तीनने गुणलं नाही आणि माझी लँडिंग्ज बरी असतात.

बोरघाट · सकाळी १०.४५

चादरभाऊ, कॉम्प्युटरला मार्ग शेवटपर्यंत माहीत असला तर तो सुंदर उतरवतो. वॅटसिमवर (तिथे खरी माणसं कंट्रोलर होतात) ऑनलाइन उडवून बघा. कंट्रोलर म्हणतो ‘डायरेक्ट अमुक’ आणि मार्गातले २० मैल एका वाक्यात गायब. २० मैल म्हणजे साडेसहा हजार फूट. एका क्षणात तुम्ही तेवढे उंच झालात, आणि हे कॉम्प्युटरच्या लक्षात आणून देईपर्यंत वेळ जातो. तोंडी हिशोब असेल तर ‘डायरेक्ट’ ऐकतानाच हात स्पीडब्रेककडे जातो.

तिरफळ · सकाळी ११.२०

पण टोपी उंच का राहतात, ते कुणी विचारलंच नाही. उत्तर धाग्यातच आहे. चहा!

बहुतेक नवशिक्यांना वाटतं की बाण आला की विमान आपणहून खाली निघेल. एअरबस निघत नाही. आधी उंचीचा आकडा खाली फिरवायचा आणि मग नॉब दाबायचा, तेव्हा ती निघते. बोइंग ७३७ मध्ये व्हीएनएव्ही (उंची सांभाळणारा ऑटोपायलट) आपणहून निघतं, पण खिडकीत खालची उंची लावून ठेवली असेल तरच, नाहीतर तेही मुकाट्याने सरळ जात राहतं. वर ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशोबाने वेग) ४५० नॉट असला तर मिनिटाला साडेसात मैल. चहा गाळून यायला तीन मिनिटं धरली तरी २२ मैल गेले, म्हणजे सात हजार फूट. बिस्किटं शोधली तर दहा.

निळी टोपी · सकाळी ११.२८

@तिरफळ, दंडवत. बिस्किटं होतीच.

डेट्रॉइटकर · सकाळी ११.५५

डिसेंटचं सगळं पटलं. पण धाग्याचा प्रश्न फ्लेअरचा आहे आणि तो निव्वळ वेगाने सुटणार नाही. मी वेगात अगदी चोख येऊनही बरेच दिवस आदळत होतो. कारण स्क्रीन.

खऱ्या कॉकपिटात जमीन दोन्ही बाजूंनी वर येताना डोळ्यांच्या कडांना कळते. २४ इंची मॉनिटरवर त्या कडाच नाहीत. म्हणून दोन गोष्टी करा. कॅमेऱ्याचं झूम थोडं बाहेर घ्या आणि डोळ्यांची उंची तपासा. बरेच जण पॅनल नीट दिसावं म्हणून कॅमेरा खाली किंवा मागे सरकवून बसतात आणि मग धावपट्टी डॅशबोर्डखाली लपते. दुसरं म्हणजे नजर. उतरेपर्यंत नजर धावपट्टीच्या टोकापासून हजार फुटांवरच्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवर, कारण तोच आपला नेमाचा बिंदू. पण तीस-चाळीस फुटांवर नजर उचलून धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला न्यायची. जवळ बघत राहिलात तर जमीन अंगावर येते आणि घाबरून स्टिक जास्त ओढली जाते.

शिवाय फ्रेम रेट. विमानतळाजवळ आल्यावर तो १५–१८ वर घसरत असेल तर तुमची स्टिक आणि चित्र यांच्यात अंतर पडतं, आणि विमान वर-खाली डोलायला लागतं. दोष हाताला देऊ नका, ढगांची आणि इमारतींची सेटिंग्ज उतरवा.

@जुना खेळाडू, सेस्नाबद्दल असहमत. सेस्नात वेग संपेपर्यंत धरून ठेवून हळूच टेकवायचं असतं. तीच सवय ए३२० ला लावली तर तरंगणं नक्की. एअरलायनर टेकवायचं असतं, धरून ठेवायचं नसतं.

जुना खेळाडू · दुपारी १२.१०

धरून ठेवायचं नसतं हे कळायला आधी धरता यायला हवं. असो.

उजवी खुर्ची · दुपारी १.४०

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. पोटापाण्यासाठी ए३२० च उडवतो, उजव्या खुर्चीतून. घरचे सिम्युलेटर आणि आमची फुल फ्लाइट सिम्युलेटरं यांत फरक आहे, पण बोरघाट आणि डेट्रॉइटकर दोघांचंही बरोबर आहे, दोघे वेगवेगळ्या दुखण्याबद्दल बोलताहेत.

सेस्नाच्या भांडणाबद्दल. भारतात कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात आणि ते छोट्या विमानांवरच होतात. त्यातून नजर, वाऱ्याची जाण, रेडिओवर बोलता बोलता उडवण्याची सवय मिळते. फ्लेअर मात्र प्रत्येक विमानाचा नव्याने शिकावा लागतो.

आता एअरबसची एक गंमत, जी व्हिडिओंत क्वचित सांगतात. एरवी एअरबसमध्ये स्टिक सोडली की नाक आहे तिथेच राहतं. म्हणून सवय लागते, जरा ओढा, सोडा, ते थांबेल. लँडिंगला हे बदलतं. ५० फुटांवर विमान तेव्हाची नाकाची स्थिती लक्षात ठेवतं आणि ३० फुटांपासून आपणहून हळूहळू नाक खाली न्यायला लागतं. हे मुद्दाम केलंय, म्हणजे वैमानिकाला इतर विमानांसारखं ओढून धरावं लागेल. जो ओढून सोडून देतो त्याचं नाक खाली जातं आणि दणका बसतो. फ्लायबायवायरच्या मॉडेलमध्येही हा प्रकार आहे. म्हणून ३० फुटांच्या सुमारास दोन-तीन अंश नाक वर जाईल एवढं ओढा आणि ते तिथे राखा. झटका नाही, आणि ढकलणं तर अजिबात नाही.

दुसरं, ‘रिटार्ड’, म्हणजे थ्रॉटल मागे घ्या. २० फुटांवर विमान ओरडतं ती आठवण आहे. थ्रस्ट लिव्हर क्लाइंबच्या खाचेत राहिले तर ऑटोथ्रस्ट इमानदारीने १३६ राखत राहणार, तुम्ही नाक उचलणार, आणि विमान आनंदाने धावपट्टीवरून उडत राहणार. टोपी, तुम्ही तरंगता त्यात याचाही वाटा असणार. तुमच्या पट्टीचा आयडल नीट नोंदवला गेलाय का बघा, त्या विमानाच्या टॅबलेटमध्ये थ्रॉटलच्या खाचा कॅलिब्रेट करायची सोय आहे.

पण हे सगळं करायची परवानगी कधी, तर १,००० फुटांवर सगळं जागेवर असेल तेव्हा. गिअर खाली, फ्लॅप शेवटच्या खाचेत, वेग अप्रोचचा, उतरण्याचा दर मिनिटाला ७०० फुटांच्या आसपास, आणि इंजिनं आयडलच्या वर फिरत असलेली. हवा स्वच्छ असेल तर ५०० फुटांपर्यंत सूट. त्यातलं एक जरी नसेल तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर. आमच्याकडे त्याची लाज वाटत नाही.

सोलापुरी चादर · दुपारी २.०५

७०० हा आकडा कुठून आला?

उजवी खुर्ची · दुपारी २.१२

ग्राउंडस्पीडला पाचने गुणा. १४० पंचे ७००. किंवा अर्धे करून पुढे शून्य लावा. समोरून वारा असेल तर ग्राउंडस्पीड कमी, म्हणून दरही कमी.

तिरफळ · दुपारी २.३०

ह्याचाच उलटा नमुना लेहला दिसतो. धावपट्टी जवळपास १०,७०० फुटांवर. हवा विरळ, त्यामुळे स्पीड टेपवर (वेग दाखवणाऱ्या पट्टीवर) तोच १३६ असला तरी विमान प्रत्यक्षात वीसेक टक्के जास्त वेगाने सरकत असतं. उतरण्याचा दर ८०० च्या वर जातो, धावपट्टी भराभर येते, आणि भोवती डोंगर. सिम्युलेटरवर एकदा करून बघा, पण टोपी, तुम्ही नको.

नवशिक्यांना मी मोपा सुचवते. जानेवारी २०२३ पासून तिथे विमानं येताहेत, धावपट्टी ३,५०० मीटर लांब. पुण्यापेक्षा बरीच ऐसपैस. हात बसेपर्यंत लांब धावपट्टी घ्यावी. (आणि गोव्याला आल्याचं समाधान वेगळं.)

टवाळ · दुपारी २.४१

मोपाहून कलंगुटला टॅक्सीचे पैसे सिम्युलेटरमध्ये पण तेवढेच घेतात का?

सोलापुरी चादर · दुपारी ३.१५

एक प्रश्न. त्या लँडिंग रेटचं काय? मी एक छोटं अ‍ॅप टाकलंय, टेकताना मिनिटाला किती फुटांनी खाली आलो तो आकडा दाखवतं. काल −६८ आला, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. बटर, लोण्यासारखं अलगद!

बोरघाट · दुपारी ३.२२

आणि टेकलात कुठे?

सोलापुरी चादर · दुपारी ३.२४

धावपट्टीवरच. मधोमध म्हणा.

उजवी खुर्ची · दुपारी ४.१०

मग ते लँडिंग नापास. आकड्याचा हा नाद सिम्युलेटरवाल्यांनीच लावून घेतलाय. विमान टचडाउन झोनमध्ये (धावपट्टीच्या सुरुवातीच्या ठरल्या भागात), मधल्या रेषेवर, ठरल्या वेगाने बसलं पाहिजे. ते साधून अलगद बसलं तर उत्तम. ओल्या धावपट्टीवर तर थोडं ठाम बसवणं जास्त चांगलं, कारण चाकांनी पाण्याचा थर फोडून डांबराला धरायला हवं, आणि चाकं फिरायला लागली की मगच स्पॉयलर-ब्रेक कामाला लागतात. हवेत तरंगत घालवलेली प्रत्येक सेकंद म्हणजे ७० मीटर धावपट्टी, जिथे एकही ब्रेक लागलेला नाही.

मुंबईचा पावसाळा ज्याने बघितलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेलं एक ७३७ मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरलं होतं आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली होती.

जुना खेळाडू · दुपारी ४.३५

मुंबईवरून आठवलं. अवांतर, पण चालवून घ्या. सिम्युलेटरमध्ये समुद्राकडून ०९ (पूर्वेकडे तोंड असलेल्या) धावपट्टीला हाताने यायचं तर समोर आधी जुहू दिसतं. जुहूची धावपट्टी जवळजवळ त्याच दिशेला, अगदी वाटेवर. धुरकट दिवशी मी त्याच्याशी सरळ रेषा धरून बसलो होतो, नकाशा बघून सावरलो. खऱ्या जगात तर हे घडलंय. १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीचं एक कॉमेट विमान सांताक्रूझ (मुंबईचं मुख्य विमानतळ) समजून जुहूला उतरलं. आणि सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ जुहूवर उतरून धावपट्टीच्या बाहेर गेलं, विमान कायमचं निकामी झालं. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही.

टवाळ · दुपारी ४.४०

१९३२ मध्ये जेआरडी कराचीहून येऊन जुहूलाच उतरले होते. त्यांना मात्र तिथेच यायचं होतं.

डेट्रॉइटकर · दुपारी ४.५२

जुहूवरून धागा परत आणतो. गो-अराउंडबद्दल आणखी थोडं हवं होतं. सिम्युलेटरवाले गो-अराउंड करतच नाहीत, कारण दोन तास उडवून झालेलं असतं आणि घरचे जेवायला बोलावत असतात.

बोरघाट · संध्याकाळी ५.३०

खरंय. आणि तिथेच शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. २२ मे २०१० ला मंगळुरूला दुबईहून आलेलं ७३७-८०० टेबलटॉप (डोंगरमाथ्यावरच्या) धावपट्टीवरून खाली गेलं, १५८ माणसं गेली. विमान उंच होतं, वेगात होतं, आणि धावपट्टीत बरंच पुढे जाऊन टेकलं. तपास अहवालात स्पष्ट आहे की सहवैमानिकाने तीनदा गो-अराउंड सुचवला होता आणि कॅप्टनने अप्रोच सोडला नाही. टोपींनी दिलेले आकडे वाचताना मला तेच आठवत होतं. आपल्या खोलीत कुणी मरत नाही म्हणून आपण रेटतो, पण रेटण्याची सवय मात्र खरीच असते.

ए३२० मध्ये गो-अराउंड सोपा आहे. लिव्हर टोगावर (पूर्ण जोरावर), नाक १५ अंशांकडे, फ्लॅप एक खाच वर, विमान चढतंय हे दिसलं की गिअर वर. एकदा मुद्दाम ठरवून करा, म्हणजे लँडिंग करायचंच नाही असं ठरवूनच लोहगावला या.

तिरफळ · संध्याकाळी ६.०५

आमच्या घरात ‘मिनिमम’ (उतरायचं की नाही ते ठरवायची उंची) असा आवाज आला की धाकटा स्वयंपाकघरातून ‘गो-अराउंड’ ओरडतो. नको असताना पण.

निळी टोपी · रविवार, रात्री ९.३५

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, वाचनखूण साठवली आहे.

काय केलं ते सांगतो. चहा आधी प्यायलो. १२० मैलांवर येऊन बसलो, ११० ला उंची फिरवून नॉब दाबला. ३० मैलांवर ११,००० च्या आसपास, वेग २५०. मग १५ मैलांवर अप्रोच फेज चालू केली. याआधी ते बटण दाबतच नव्हतो, म्हणून मॅनेज्ड वेग २५० वरच अडून राहायचा. १० मैलांवर ५,२०० आणि १८५, फ्लॅप २. ग्लाइडस्लोप (धावपट्टीकडून येणारा, उतार दाखवणारा रेडिओ किरण) खालून येऊन पकडला. १,००० फुटांवर सगळं जागेवर, १३७. आणि खरं सांगतो, शेवटच्या पन्नास फुटांत करायला फारसं काही उरलंच नव्हतं. तरी तरंगलो. थोडंच, पण तरंगलो. मग थ्रॉटल बघितला तर पट्टी पूर्ण मागे असूनही विमानाला आयडल मिळतच नव्हता, चार टक्क्यांवर अडकत होता. कॅलिब्रेट केल्यावर रिटार्ड म्हणताच ओढला आणि मोठ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या जरा पुढे बसलो. आकडा −२१०. चादरभाऊंना आवडणार नाही.

सोलापुरी चादर · रात्री ९.४१

−२१० म्हणजे खड्डा लागला की काय. :) अभिनंदन!

उजवी खुर्ची · रात्री १०.२०

उत्तम. −२१० ने आमच्याकडे कुणी भुवईही उचलत नाही.

एक राहिलं होतं. ग्लाइडस्लोप खालून पकडा म्हणतात ते बरोबर, पण कधी वर राहिलातच तर काय? गिअर लवकर टाका, त्याच्यासारखा अडथळा दुसरा नाही, ए३२० मध्ये २५० च्या खाली टाकता येतो. मग उंचीच्या खिडकीत आहे त्यापेक्षा वरची उंची लावा, म्हणजे ऑटोपायलट मध्येच कुठे लेव्हल होणार नाही, आणि व्हर्टिकल स्पीडने १,५०० चा दर देऊन वरून ग्लाइडस्लोपला मिळा. १,००० फुटांपर्यंत नाही जमलं तर परत वर. आणि फार उंचावरून आयएलएसचा (त्या रेडिओ यंत्रणेचा) खोटा ग्लाइडस्लोपही पकडला जाऊ शकतो, तो ९ अंशांच्या आसपास असतो. म्हणून अंतर आणि उंची यांचा मेळ बघूनच बटण दाबायचं.

निळी टोपी · रात्री १०.३४

आता लोभ वाढलाय. पुढच्या आठवड्यात मुंबईची २७ (पश्चिमेकडे तोंड असलेली धावपट्टी), जुलैचं हवामान लावून. वारा २४० अंशांवरून २० नॉट. पेडल नाहीत, जॉयस्टिक पिळून रडर (शेपटीचं सुकाणू) होतो. जमेल?

बोरघाट · रात्री १०.५०

जमेल. आधी सेटिंग्जमध्ये ऑटो-रडरची मदत बंद करा, नाहीतर तुम्ही आणि सिम्युलेटर दोघेही रडर फिरवत बसाल. वारा डावीकडून आहे, त्यामुळे खाली येताना नाक डावीकडे वळलेलं राहील आणि धावपट्टी काचेत उजवीकडे दिसेल. ते तसंच राहू द्या, सरळ करायचा मोह नको. फ्लेअर सुरू झाल्यावर उजवीकडे पिळून नाक मधल्या रेषेवर आणा, त्याच वेळी स्टिक किंचित डावीकडे, म्हणजे वाऱ्याने डावा पंख उचलला जाणार नाही.

पिळण्याच्या अक्षाला थोडा डेडझोन द्या, म्हणजे किंचित हललं तर काही होणार नाही. त्या स्वस्त जॉयस्टिकमध्ये ओढता ओढता मनगट आपोआप वळतं आणि नको तेव्हा रडर लागतो.

जुना खेळाडू · रात्री ११.०२

आणि २० नॉटने सुरुवात नको. ८ लावा, मग १२.

टवाळ · रात्री ११.०४

आणि २७ ला वसईकडून या, समुद्राकडून नको. नाहीतर जुहू आहेच.

बोरघाट · रात्री ११.०९

टवाळराव, २७ ला नवी मुंबईकडून येतात. वसईकडून आलात तर १४ ला पोचाल.